उसना अंगठा

बाबुराव गावस गेले त्याला एकोणीस दिवस झाले होते आणि वायंगणाचं उन्हाळी भात पिवळं पडायला लागलं होतं.

त्यांच्या लेकीला, गौरवीला, ते आधी घराच्या जनेलातून दिसलं. सर्वणच्या त्या उतारावर घर वर आणि शेत खाली, मधे पोफळींची एक ओळ आणि पाटाचं पाणी. पिवळेपणा इतका हलका होता की वाटेनं जाणाऱ्याला कळलाही नसता. पण सुतकाचे बारा दिवस तिनं त्या जनेलातून दुसरं काही पाहिलंच नव्हतं. चप्पल काढून ती मेरेवरून शेतात उतरली. चिखल थंड होता. खालचं एक पान तोडून तिनं तळहातावर धरलं. बाबा असंच धरायचे. शेंड्यापासून मधल्या शिरेनं पिवळा पट्टा खाली उतरला होता. असं पान दिसलं की बाबा म्हणायचे, "उपाशी आसा." आणखी काही म्हणायचे नाहीत. दुसऱ्या सकाळी पंचा खांद्यावर टाकून सोसायटीची वाट धरायचे.

"बघलंस मां?" पलीकडच्या मेरेवरून गुरुदासकाका म्हणाले.

गुरुदास शेजारचे. त्यांचा भाताचा एकच लहान कुणगा, गावसांच्या शेताला लागून. उभा जन्म शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवला, खाण थांबली तेव्हा शेतीकडे वळले. सुतकात घरातलं कुणी शेतात उतरत नाही, म्हणून बारा दिवस पाटाचं पाणी त्यांनीच सोडलं होतं आणि बंद केलं होतं.

"आमचांय तसांच आसा," ते म्हणाले. "सोसायटीत गाडी इल्या. साठच पोती. बंदरात जहाज लागूक नाय म्हणतत, फुडची गाडी कधी ती देवाक ठाऊक. आठ दिवसांत घातलां तर घातलां. भात पोटरीत इलां काय मगे खत घालून फक्त तण वाढता."

"आजच जातंय."

"जा. लागलां तर माका हाक मार." बोलता बोलता त्यांनी उजव्या हाताचा अंगठा वर केला आणि हसले. गौरवीला त्या हसण्याचा अर्थ लागला नाही. तीही हसली.

सोसायटीच्या दारात दहा वाजायच्या आधीच रांग होती. पुढे दोन म्हातारे वाद घालत होते.

"पूर्वी पन्नास किलोचां पोतां होतां. आता पंचेचाळीसाचां."

"बरां न्हय रे? तुझी कंबरय आता पंचेचाळिसाचीच रवली."

"आणि वयर ती बाटली. बाटली घेतल्याबगर पोतां नाय."

"घे आणि जनेलार ठेव. येणाऱ्या-जाणाऱ्याक दिसता बरी."

ती बाटली गौरवीला माहीत होती. पाण्यात कालवून पानांवर मारायचा पातळ युरिया. दोन पोत्यांमागे एक घ्यावीच लागे, वरून तसा हुकूम होता म्हणे. बाबांनी एकही फोडली नव्हती. सात बाटल्या घरात जनेलाच्या कठड्यावर ओळीनं उभ्या होत्या.

सेक्रेटरी सगुणनं तिला पाहिलं आणि चष्मा काढला. "ये गो. बाबुरावांचां आयकान वायट दिसलां. मी तेराव्याक येवक शकलंय नाय."

"असू दे. दोन पोती होयी होती."

"आधार?"

तिनं नंबर सांगितला. सगुणनं हातातलं ते लहानसं यंत्र पुढे सरकवलं. तिनं काचेवर अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला. पडद्यावर तिचं नाव आलं, सबंध, वडिलांच्या नावासकट.

"वा," सगुण म्हणाला. "काय आंगठो आसा. एका दमात. हंय लोक पाच पाच वेळा घासतत." मग त्यानं तोंड वाकडं केलं. "कृषी कार्ड?"

"बाबांचं आसा."

"तां चलाचां नाय गो. मयताच्या कार्डार खत दिवक येना. एरवी आधार पुरता, पण ह्या खेपेक माल कमी, म्हणान फक्त कार्डवाल्यांक द्या असो कागद इलो हा. तुझां कार्ड कर."

"किती दिवस लागतले?"

"पयलो मृत्यूचो दाखलो. मगे वारसांचां काम, तां कोर्टातसून. मगे उताऱ्यार नाव. मगे कार्ड." तो एकेक बोट मिटत गेला आणि चौथ्या बोटावर थांबला. "बेगीन झालां तर वर्स."

मागून कुणी तरी खोकलं. गौरवी बाजूला झाली नाही.

"इतकां कित्याक भियेतंस?" सगुण म्हणाला. "तुमचां खत आधीपासून गुरुदासच्याच आंगठ्यार जाता न्हय? पाच वर्सां. तेका घेवन ये. शुक्रवारपर्यंत तुमची दोन पोती मी दवरतंय."

"गुरुदासकाकांच्या?"

"तुका ठावक नाय?" सगुणनं आश्चर्यानं पाहिलं. "बाबुरावांचो आंगठो लागाच नाय गो. काजूच्या बियो फोडून फोडून, चिकान सगळी कातडी गेल्ली. ह्या काचेर बोट ठेवलां काय ती म्हणा, ओळख पटली नाही. बाबुराव म्हणत, बघ रे सगुण, मी खंयचो कोण नायच! सगळे हासत. मगे गुरुदास फुडे येय आणि आपलो आंगठो ठेवी. म्हणा, हो घे, स्टिअरिंगार संबाळलेलो आंगठो, उसनो देतंय. आंगठो पडल्याबगर माका पोतां सोडूक येना. सरकार कंपनीक सबसिडीचे पयशे देता तेच मुळी त्या आंगठ्यार."

गौरवी बाहेर आली. उन्हं चढली होती. तिला आठवलं, बाबांनी एकदा विचारलं होतं. ती डिचोलीत कुरियरच्या ऑफिसात जायला निघाली होती, हेल्मेट हातात होतं. बाबा म्हणाले होते, "सोसायटी धा ते एक उघडी आसता. तुका अर्धो दिवस सुटी मेळात?" ती म्हणाली होती, "ह्या म्हयन्यात नाय हो बाबा." ते लगेच म्हणाले होते, "रवांदे गो. गुरुदास आसा."

पाच वर्षांत त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तिनंही नाही.

घरी येऊन तिनं बाबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. जुनं कार्ड तरी सगुणला दाखवावं, कदाचित ऐकेल. कार्डाच्या खाली एक बंद पाकीट होतं. वर सरकारी शिक्का आणि बाबांचं नाव.

"हे कधी आलं, आई?"

शेवंती चुलीपाशी पेज उतरवत होती. "बाराव्याच्या दिवसा. पोस्टमन देवन गेलो. तेंच्या नावाचां म्हणान तेंच्या डब्यात ठेवलंय."

"उघडायचं ना!"

"तेंच्या नावाचां मी कित्याक उघडू?"

पाकिटात मामलेदाराची नोटीस होती. गौरवीनं ती उभ्यानं वाचली, मग कदेलीवर बसून वाचली. अर्जदार गुरुदास यांनी असं म्हटलं होतं की बाबुराव गावस यांच्या मालकीचं सदर शेत गेली पाच वर्षं तेच कूळ म्हणून कसत आहेत, सबब उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात त्यांचं नाव लावावं. पुरावा म्हणून खत खरेदीच्या दहा पावत्या जोडल्या होत्या. वर्षाला दोन. एक शरदातली, एक वायंगणातली.

"काय लिवलां हा?" शेवंतीनं विचारलं.

गौरवीनं सांगितलं. शेवंतीनं पेजेवर झाकण ठेवलं, ते नीट बसलं नाही म्हणून पुन्हा ठेवलं.

"दर वर्सा नव्या भाताचे पोहे तेंच्याकडे पयले पावत," ती म्हणाली. "हे सोता नेवन देत. म्हणत, आंगठ्याचां भाडां."

गुरुदासच्या अंगणात सुपारी वाळत घातली होती. विमलाकाकूनं गौरवीला बसायला कदेल दिली, चहा आणि पोदेराकडचा ताजा उंडा-पाव आणून ठेवला आणि आत जाऊन दाराआड उभी राहिली. गुरुदास सोप्यावर होते. मुलगा परेश शर्टाच्या बाह्या दुमडत बाहेर आला. डिचोलीत त्याचं प्लॉटांच्या खरेदी-विक्रीचं ऑफिस होतं. शाळेत तो गौरवीच्या दोन वर्ग पुढे.

तिनं नोटीस काढली नाही. नुसतं म्हणाली, "काका, मामलेदाराचा कागद आलाय."

गुरुदासांनी सुपारीकडे पाहिलं.

"बरां झालां, तू सोता इलंस," परेश म्हणाला. "घरच्या घरात बोललेलां बरां. गौरवी, माका सांग, गेली दोन वर्सां तुमच्या शेतात टिलर कोणी फिरवलो?"

"काकांनी. बाबांचं डायलिसिस चालू होतं."

"तांच म्हणतंय मी. पाणी कोणी सोडलां? ह्या म्हयन्यात पण?"

"सुतक होतं, परेश."

"कारण काय तां कागद विचारणा नाय. आणि खत कोणाच्या नावार इलां?" तो आवाज न चढवता बोलत होता. "मी खोटां कायच लिवक नाय. तुमचां शेत कोण काडून घेता? मालक तुमीच. फक्त कूळ म्हणान बाबांचां नाव. उद्या तू शेत इकलंस तर ज्येणां कश्ट केले तेका कायतरी मेळाक होयां मां?"

"मी विकणार नाही."

"मगे तू नांगरतलंस? नोकरी सोडून?"

उंडा तसाच होता. ताटलीच्या कडेला मुंग्या लागल्या होत्या.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही सही केलीत?"

गुरुदासांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तो म्हणालो, बाबा, हंय आंगठो मारा. चष्मो नाय होतो." अंगठ्यानं ते तर्जनीची बाजू घासत राहिले. "माझो आंगठो सगळ्यांकच लागता गो."

"बाबा!" परेश म्हणाला. मग गौरवीकडे वळून हसला. "खत होयां मां? सगुण म्हणा होतो. शुक्रवारी बाबा येतत तुझ्याबरोबर. आंगठो देतत. आमी कधी नाय म्हटलां हा?"

तेव्हा तिला सगळं एकदम दिसलं. शुक्रवारी काकांचा अंगठा पडेल, दोन पोती येतील, भात हिरवं होईल, आणि अकरावी पावती निघेल.

डिचोलीच्या मामलेदार कचेरीत कारकून स्वप्नील तरुण होता आणि दमलेला होता. त्यानं फाईल काढली, दोरी सोडली, पावत्या पत्त्यांसारख्या टेबलावर मांडल्या.

"बघा. अर्जदाराची स्वतःची जमीन पंधराशे चौरस मीटर. आणि खत घेतलंय पाच हजार मीटरला पुरेल एवढं. म्हणजे उरलेलं कुठे गेलं? शेजारच्या साडेतीन हजारांत. तुमच्या."

"ते बाबांचंच खत होतं. पैसे बाबांनी दिले. यंत्र त्यांचा अंगठा घेत नव्हतं."

"असेल हो. माझ्या आजीचा पण घेत नाही." त्यानं पावत्या पुन्हा गोळा केल्या. "पण पावतीवर तसं लिहिलेलं नाही. तुमच्या वडिलांच्या नावाची एखादी पावती आहे?"

"नाही."

"बियाण्याची? औषधाची?"

"बियाणं घरचं. औषध ते मारत नसत."

"तुमच्या नावाची?"

तिनं हातातल्या नोटिशीची घडी घातली.

"कसलीही? एक तरी?" त्यानं फाईल मिटली. "बरं. तुम्ही लेखी हरकत द्या, मृत्यूचा दाखला जोडा. पुढच्या मंगळवारी तलाठी जागेवर पाहणीला येतील. निलेश म्हणून आहेत, चांगले आहेत. पीक कसं आहे, कोण कसतंय, ते लिहून घेतील. शेत नीट ठेवा. मालकानं टाकून दिलेलं दिसलं तर ते तुमच्या विरुद्ध जाईल."

"खत घातलं नाही तर ते टाकून दिलेलंच दिसेल."

"मग घाला."

"घातलं तर पावती त्यांच्या नावाची होईल."

स्वप्नीलनं फाईलची दोरी बांधायची थांबवली. मग त्यानं गाठ मारली. "हरकतीचा अर्ज बाहेर टायपिस्टकडे मिळेल," तो म्हणाला.

शुक्रवारपर्यंतचे तीन दिवस ती शेतातच होती. गोठ्यातलं उरलंसुरलं शेण पाटीनं खाली नेलं, ते दोन वाफ्यांनाही पुरलं नाही. मेर तासली, खेकड्यांनी पाडलेली भोकं चिखलानं बुजवली. ऑफिसच्या खुर्चीची सवय झालेली पाठ दुपारपर्यंत धरून यायची. बाबांची कुदळ तिच्या हाताला मोठी होती. दांड्यावर त्यांच्या मुठीच्या जागी लाकूड झिजून खोलगट झालं होतं, तिची मूठ त्यात सैल बसायची. उजव्या तळहाताला फोड आला, फुटला. पिवळेपणा रोज बोटभर चढत होता.

गुरुवारी दुपारी ती पाटावर हात धूत असताना पोफळींपलीकडून वास आला. ओल्या काजूच्या चिकाचा, उग्र, डोळ्यांत जाणारा. हंगामाचे पहिले ओले गर काढायचे दिवस होते. घरोघरी बायका हाताला खोबरेल फासून, राख लावून, आदोळी, म्हणजे विळी, घेऊन बी चिरायला बसत. तिनं डोकावलं. गुरुदासांच्या मागील दारी आदोळीवर विमलाकाकू नव्हती. स्वतः काका बसले होते, एकटेच. पुढ्यात हिरव्या बियांचा ढीग. ते चिरत होते, गर काढत होते, आणि चीक बोटांवरून मनगटापर्यंत ओघळू देत होते. बाजूला तेलाची वाटी होती. भरलेली.

ती पुन्हा मेरेकडे वळली.

शुक्रवारी सोसायटीत रांग नव्हती, गर्दी होती. सगुणच्या मागे भिंतीला टेकून शेवटची नऊ पोती उभी होती. गुरुदास आधीच येऊन बाकावर बसले होते, दोन्ही हात पंच्यात गुंडाळून.

गौरवी त्यांच्या शेजारी बसली. वाटेत येताना तिनं ठरवलं होतं की नको म्हणायचं. सोसायटीच्या पायरीवर चढताना पिवळं शेत डोळ्यांपुढे आलं आणि ठरवलेलं मोडलं. घ्यायचं. मग पुन्हा ती अकरावी पावती. हातातली रिकामी पिशवी तिनं चार घड्या घालून पुन्हा उलगडली होती.

"गुरुदास," सगुणनं हाक मारली. "तुझां एक, तेंची दोन. ये, बेगीन आंगठो ठेव. लोक थांबले हत."

गुरुदास उठले. पंचा सोडला. बोटं काळी पडली होती. अंगठ्याची कातडी फुगून, फाटून सालीसारखी सुटली होती, खालचं मांस गुलाबी, चकचकीत. दहाही बोटांची तीच गत.

"अरे देवा!" सगुण ओरडला. "ह्यां काय रे?"

"काल काजूगर काडले."

"तेल लावूक नाय?"

"विसारलंय."

"सत्तर वर्सां ह्या गावात काडलंस आणि तेल विसारलंस?"

"मी ट्रकार होतंय," गुरुदास म्हणाले. "माका सवय नाय."

त्यांनी अंगठा काचेवर ठेवला. यंत्र जरा थांबलं. ओळख पटली नाही. सगुणनं त्यांचा हात धरून दाबला, तसा त्यांनी श्वास आत ओढला. ओळख पटली नाही. दुसरा अंगठा. तर्जनी. मधलं बोट. काचेवर पाण्यासारखं काही तरी चिकटलं, सगुणनं ते शर्टाच्या टोकानं पुसलं. ओळख पटली नाही.

"हो तर बाबुराव झालो," मागून कुणी तरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की गौरवी तिथं आहे. हसू थांबलं.

गुरुदास यंत्राकडे बघत होते, तिच्याकडे नाही. "मगे नाय म्हणजे नाय," ते म्हणाले. "माझांय नाय, तेंचांय नाय." पंचा पुन्हा हातांभोवती गुंडाळून ते बाजूला झाले, पण गेले नाहीत. भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"बाये, माझो नाईलाज आसा," सगुण म्हणाला. "कातडी येयसर पंधरा दिवस. तोवर हीं पोती रवाची नायत. फुडचो कोण?"

पुढचा माणूस पुढे झाला. त्याचा कोपर तिला लागला. सगुणनं त्याच्यासाठी पोतं ओढलं, वर बाटली ठेवली. गौरवी त्या बाटलीकडे बघत राहिली.

"सगुणदादा, बाटलीला अंगठा लागतो?"

"बाटलेक कित्याक? तिका सरकाराचे पयशे नायत. ती यंत्रातच नाय. होयी तितकी व्हर."

"एक द्या."

"एकली बाटली?" सगुण हसला. "गो, लोक ती आमच्याच दारात टाकून जातत. तुमच्या घरात सात आसत. बाबुराव काय म्हणत ठावक आसा? सगुणा, पाणी म्हणान पितंय, पण तहानय जायना."

"एक द्या. आणि बिल."

"बाटलेचां बिल कोण मागता?"

"मी मागते."

त्यानं खण उघडला, शोधाशोध करून हातानं लिहायचं बिलबुक काढलं. वरच्या पानावर धूळ होती. कार्बन नव्हता. तो उठून आत गेला, कार्बन घेऊन आला. रांगेतली माणसं कुरकुरली, तरी ऐकत होती.

"नाव कोणाचां घालू?"

"गौरवी बाबुराव गावस."

त्यानं लिहिलं.

"पीक लिहा. भात, वायंगण. आणि सर्वे नंबर."

"बाटलेच्या बिलार सर्वे नंबर?"

"लिहा."

"बाये, कित्याक पण?"

"साडेतीन हजार मीटर, तेही लिहा."

सगुणनं चष्म्यावरून एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडच्या गुरुदासांकडे. मग मान खाली घालून तिनं सांगितलेला नंबर सावकाश लिहिला, शिक्का शाईत दाबला आणि उठवला. कागद फाडताना कोपरा फाटला. "तितकां चलता," तो म्हणाला.

तलाठी यायच्या आदल्या दिवशी, सोमवारी, सकाळी ऊन वर येण्याआधी ती शेतात उतरली. पाठीवर बाबांचा फवारणीचा पंप होता, शेजाऱ्यांना द्यायलाच ठेवलेला. त्याचं बूच गळत होतं आणि पाणी पाठीवरून कमरेत उतरत होतं. शेवंती बाल्दीनं पाटाचं पाणी आणून मेरेवर ठेवत होती. जनेलावरच्या सातही बाटल्या तिनं ओच्यात घालून आणल्या होत्या. पाचांची तारीख उलटून गेली होती. गौरवीनं त्याही फोडल्या.

पलीकडच्या मेरेवर गुरुदास उभे होते, हात पंच्यात. त्यांचा कुणगाही पिवळा होता. शनिवारी त्यांच्या घरातून परेशचा आवाज वरच्या वाटेपर्यंत ऐकू आला होता. अर्ज मागे घेतलेला नव्हता. दहा पावत्या फाईलीत होत्या. अकरावी नव्हती, एवढंच.

"वाऱ्याच्या अंगान मार," ते म्हणाले. "तोंडार येता."

तिनं बाजू बदलली.

पानांवर थेंब उभे राहिले, घरंगळले, काही तसेच राहिले. पिवळं पान ओलं झालं की आणखी पिवळं दिसत होतं. पहिला कुणगा संपायला तास लागला. हाताचा फोड पंपाच्या दांड्यावर पुन्हा फुटला. ती मेरेवर आली, शेवंतीनं पंपाचं झाकण काढलं, बाल्दी तिरपी केली.

"ह्या पाण्यान हिरवां जातला?"

"नाय, आई. उद्यापर्यंत तरी नाय."

"नंतर?"

"थोडं. कदाचित."

"तलाठी इचारीत, कोण करता शेत. मगे काय सांगतलंस?"

"कागद दाखवणार."

"एकच आसा."

"हो."

शेवंतीनं झाकण घट्ट बसवलं. पंप लेकीच्या पाठीवर चढवताना तिनं पट्टा सरळ केला, तो बाबुरावांच्या खांद्याच्या मापाचा होता, दोन भोकं आत घ्यावी लागली.

"मगे इतको वेळ कित्याक मारतंस?" तिनं विचारलं. "चार ओळी मार म्हणजे झालां. दिसाक पुरे."

गौरवी दुसऱ्या कुणग्यात उतरली होती. तिनं खालचं एक पान तोडलं, तळहातावर धरलं, थोडा वेळ पाहिलं.

"उपाशी आसा," ती म्हणाली, आणि दांडा दाबला.